हलणाऱ्या डोळ्यांना लेन्स लावायची असेल तर

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासते. "मॅडम, पोट्ट्याचे डोये सारखे हालतात, मोबाइलात दाखवते ते स्मार्ट लेन्स भेटन का?" असं आया विचारतात. डोळे असे आपोआप सारखे हलण्याला निस्टॅग्मस म्हणतात, आणि तो थांबवणारी स्मार्ट लेन्स आज बाजारात नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, ट्रिगरफिश नावाच्या सेन्सरवाल्या लेन्सला मान्यता दिली, पण ती काचबिंदूच्या रुग्णांसाठी, आणि ती डोळ्यातल्या बदलांची नुसती नोंद घेते. त्यामुळे अशा लेन्सच्या नावावर कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

साधी कॉन्टॅक्ट लेन्स मात्र खरंच कामाची आहे, नंबर मोठा असेल तर जास्तच. चष्म्याची काच जागेवर राहते आणि डोळा तिच्यामागे इकडून तिकडे फिरतो. लेन्स डोळ्यासोबतच फिरते, म्हणून नजर तिच्या मध्यातूनच जाते. हालणं थांबेलच असं नाही, पण फळ्यावरचं स्पष्ट दिसू शकतं.

आधी कारण शोधा. जन्मजात मोतीबिंदू आहे का, डोळ्याच्या आतला पडदा ठीक आहे का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनीच बघायचं. अंगणवाडीत किंवा शाळेत आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक येतं, त्यांना दाखवा, नाहीतर सरळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात जा. जाताना मुलाचा वाचतानाचा व्हिडिओ काढून न्या. एक डोळा झाकला की कित्येक मुलांची हालचाल वाढते, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवूनही नंबर तपासा असं सांगा. मोठ्या माणसाचे डोळे अचानक हलायला लागले तर मात्र लेन्सचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कारण मेंदूत असू शकतं.

मूल मान वाकडी करून बघत असेल तर रागावू नका. त्या कोनात त्याचे डोळे सर्वांत कमी हलतात. तोंड डावीकडे वळवत असेल तर वर्गात डाव्या बाजूला, पुढे बसवा.

आता स्वच्छता. लेन्स ऑनलाइन मागवू नका, मापानेच घ्या. हात साबणाने धुऊन धुतलेल्या कापडाने कोरडे केल्याशिवाय लेन्सला शिवायचं नाही. हापशीचं, बोअरचं, फिल्टरचंसुद्धा पाणी लेन्सला लागता कामा नये, कारण त्यातल्या जंतूंनी बुबुळावर जखम होते. डबीत रोज नवं सोल्युशन, कालचं ओतून द्यायचं. झोपताना आणि आंघोळीला लेन्स काढायची. कापूस वेचताना, फवारणीत, थ्रेशरजवळ चष्माच लावा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या धुळीत तर हे पाळाच, मी हात जोडून सांगते.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढा. मेडिकलमधून विचारून ड्रॉप टाकू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे या आणि लेन्स डबीसकट सोबत आणा. जंतू कोणता ते त्यातून तपासता येतं.