उन्हात ओम्नी बंद पडते? पंप बदलण्याआधी हे तपासा

मे महिन्यात घाट चढून आलेली कार्ब्युरेटरची जुनी ओम्नी चहापाण्याला थांबवली, की नंतर कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही. अर्ध्या तासाने मात्र काही झालंच नाही अशी चालू होते. संशय फ्युएल पंपावर जातो. पंप बदलेपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं, गाडी सुरू होते आणि बिल पंपाच्या नावावर फाटतं. म्हणून शेवटची पंपाची तपासणी सोडली तर बाकी सगळं गाडी बंद पडेल तिथेच, इंजिन गरम असतानाच तपासायचं. गाडीत एक चालू स्थितीतला जुना प्लग, प्लग पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पाण्याची बाटली आणि फडकी असू द्या.

आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय; टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. वाफ बाहेर आली तर उन्हाळ्यात त्यात विशेष काही नाही.

मग करंट. ही तपासणी पेट्रोलचा पाइप सोडण्याआधीच उरकायची. एका प्लगची वायर काढून जुन्या प्लगला लावा, प्लगचं अंग इंजिनच्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळट, मलूल ठिणगी पडत असेल किंवा पडतच नसेल, तर पंपाला हात लावू नका. ठिणगीसाठी करंट देणारी इग्निशन कॉइल किंवा मॉड्यूल तापल्यावर दगा देऊ लागलं, की ते हुबेहूब पंप गेल्यासारखंच सोंग करतं.

ठिणगी ठीक असेल तर सीट उचलून एअर क्लीनरचा पाइप काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल आहे. वास उग्र आणि प्लग ओले असतील तर गाडी ओव्हरफ्लो झालीय: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका आणि सेल्फ मारा.

धार नाही, म्हणजे चेंबर कोरडं. आता ओलं फडकं पंपावर आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पाइपवर गुंडाळा. एक्झॉस्टवर मात्र पाणी सांडू नका. पाच-सात मिनिटांत गाडी सुरू झाली तर तो व्हेपर लॉक. पेट्रोलचे हलके घटक 35-40 अंशांनाच वाफाळायला लागतात. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालच्या पेटीत कोंडलेलं. गाडी थांबली की वारा थांबतो, पेटीतली उष्णता वाढते आणि पंपाला पेट्रोलऐवजी वाफ मिळते. यावर उपाय पंप बदलणं नव्हे: रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का बघा, पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधून त्यावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा.

फडक्यानेही भागलं नाही, तर पंपाची पाळी. ही तपासणी इंजिन निवल्यावर, मोकळ्या जागेत करा. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडून टोक बाटलीत घाला आणि दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने जोरदार पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. बुडबुडे आले तर टाकी ते पंप या भागात कुठेतरी हवा धरतेय. चिरलेला रबरी पाइप किंवा ढिली क्लिप शोधा. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर खराब होतं. पाइप आणि फिल्टर ठीक असूनही नुसतं थेंब थेंब येत असेल तर पंप खरंच गेला. ऑइलची डिपस्टिक हुंगा: पेट्रोलचा वास आणि वाढलेली पातळी म्हणजे पंपातला डायाफ्राम (लवचीक पडदा) फाटलाय. अशी गाडी चालवू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात. पंपासोबत ऑइलही बदला.

नवा पंप बसवताना पंप आणि इंजिन यांच्यामधला जाड इन्सुलेटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची गॅस्केट मूळ जाडीचीच लावा. गळती थांबवायला जादा गॅस्केट चढवलं तर पंपाचा स्ट्रोक (आतली खाली-वर हालचाल) कमी होतो आणि नवा पंपही चढावर कमी पडतो.

एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या ओम्नीत पंप टाकीत असतो. चावी फिरवल्यावर दोनेक सेकंद घूं आवाज आला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले बघा. उन्हाळ्यात टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका, कारण हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.