शेतकरी बाजाराला निघण्यापूर्वी

शेतकरी बाजाराची तयारी पिशव्या गोळा करण्यापासून सुरू होते असा समज असला, तरी माझ्या मते ती फ्रिज उघडण्यापासून सुरू व्हावी. आदल्या रात्री भाज्यांचा कप्पा रिकामा करून काय शिल्लक आहे, त्यातले काय दोन दिवसांत संपवलेच पाहिजे आणि नव्या मालाला जागा किती उरते, हे पाहून घ्यावे. त्याच बैठकीत पुढच्या आठवड्याचाही अंदाज बांधावा: घरी स्वयंपाक किती दिवस होणार आहे, पाहुणे आहेत का, आणि भाजी निवडायला, सोलायला, चिरायला निवांत वेळ नेमका कोणत्या दिवशी मिळणार आहे. बाजारातल्या टवटवीत जुड्या पाहून हात आवरत नाही आणि चार दिवसांनी त्यांतली निम्मी भाजी पिवळी पडून कचऱ्यात जाते, याचे कारण बहुतेक वेळा खरेदीत नसते. निवडायला वेळच नव्हता, हे असते. म्हणून यादी करताना भाजीच्या नावापुढे ती कोणत्या दिवशी शिजणार, तो वार लिहावा. ज्या नावापुढे वार लिहिता येत नाही, ते नाव खोडावे. यादी मात्र थोडी सैल असावी, कारण शेतात त्या आठवड्यात काय निघेल हे शेतकऱ्यालाही आधी पुरते ठाऊक नसते. ‘पालक’ असे लिहिण्याऐवजी ‘एक पालेभाजी, सोमवार’ असे लिहिलेले अधिक उपयोगी पडते.

महानगराच्या परिसरात असे बाजार सहसा एकापेक्षा अधिक असतात आणि ते निरनिराळ्या वारी, निरनिराळ्या भागांत भरतात. एकाच सकाळी दोन-तीन बाजार पालथे घालण्याचा बेत कागदावर आकर्षक वाटतो, पण तो टाळावा. तोडलेली भाजी जिवंतच असते. तिचा श्वसनव्यापार चालू असतो आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. पहिल्या बाजारात घेतलेली पालेभाजी दुसरा बाजार फिरून होईपर्यंत बंद मोटारीत उन्हात राहिली, तर भल्या पहाटे तोडलेल्या मालाचा सगळा फायदा त्या तासाभरात संपतो. तेव्हा एका फेरीत एकच बाजार निवडावा आणि बाकीचे पुढच्या आठवड्यांसाठी राखून ठेवावेत.

निवडलेल्या बाजाराचा वार, वेळ आणि जागा आदल्या दिवशी पुन्हा एकदा तपासावी, कारण ऋतू बदलला की वेळा बदलतात आणि काही बाजार वर्षातले काही महिनेच भरतात. त्याहून महत्त्वाची चौकशी नियमांची. काही बाजारांत विक्रेत्याने स्वतः पिकवलेलाच माल आणावा अशी अट असते, तर काही ठिकाणी घाऊक बाजारातून आणलेल्या मालाच्या फेरविक्रीलाही मुभा असते. दोन्ही प्रकार वैध आहेत, पण आपण कोणत्या प्रकारच्या बाजारात चाललो आहोत हे आधी कळलेले बरे. वाहनतळाची चौकशी करावी. बस किंवा रेल्वेने जायचे असेल, तर दोन हातांत आणि एका पाठपिशवीत मावेल तेवढीच खरेदी गृहीत धरावी. कलिंगड, भोपळा आणि बटाट्यांची मोठी पिशवी यांपैकी एकच काय ते त्या दिवशी जमेल.

वेळेच्या बाबतीत सगळ्यांना सांगावा असा एकच सल्ला नाही. नाजूक फळे, कोवळ्या पालेभाज्या, अंडी किंवा एखाद्या ठरावीक शेतकऱ्याचा माल हवा असेल, तर बाजार उघडता उघडता पोहोचावे. टोमॅटो किंवा इतर फळे साठवणीच्या पदार्थांसाठी भरपूर प्रमाणात हवी असतील, तर शेवटचा तास सोयीचा, कारण परत न्यायला नको म्हणून थोडा डागी किंवा वेडावाकडा माल तेव्हा कमी भावात निघतो आणि शिजवून आटवायच्या पदार्थाला तो पुरेसा चांगला असतो. भाव पाडून मागण्याबद्दल मात्र माझे मत थोडे कडक आहे: पेटीभर घेत असाल तर अवश्य विचारावे, एका जुडीसाठी घासाघीस करू नये.

सोबत न्यायच्या वस्तूंमध्ये भक्कम कापडी पिशव्या आल्याच. पण एका मोठ्या पिशवीपेक्षा तीन-चार मध्यम पिशव्या बऱ्या, म्हणजे जड, मऊ आणि मातकट माल वेगवेगळा ठेवता येतो. स्ट्रॉबेरीसारख्या फळांसाठी पसरट, कडक डबा न्यावा. उंच डब्यात वरच्या थराच्या वजनानेच खालची फळे चेपतात. पालेभाजी गुंडाळायला एक ओलसर सुती पंचा पुरतो. दूध, चीज, मांस किंवा मासळी घ्यायची असेल, तर बर्फाच्या पिशव्या घातलेली शीतपेटी हवीच. असे नाशवंत पदार्थ सामान्य तापमानाला २ तासांहून अधिक, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर १ तासाहून अधिक काळ ठेवू नयेत, असा अन्नसुरक्षेचा प्रचलित दंडक आहे. हा वेळ हातात पिशवी घेतल्यापासून धरावा, घरी निघाल्यापासून नव्हे. सुट्टे पैसे अवश्य ठेवावेत. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय असली तरी गर्दीत नेटवर्क मंदावले की मागे रांग खोळंबते. पाण्याची बाटली आणि टोपी यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

बाजारात पोहोचल्यावर पहिली फेरी रिकाम्या हाताने मारावी. कोणाकडे काय आहे, भाव कुठे किती आहे, हे तर कळतेच, शिवाय मालाकडे बारकाईने पाहण्याची सवड मिळते. पालेभाजीची पाने पाणी मारून ताजी भासवता येतात. देठाचे कापलेले टोक मात्र फारसे लपवत नाही. ते फिकट आणि दमट असेल तर कापणी अलीकडची, तपकिरी पडून सुकले असेल तर जुनी. मक्याच्या कणसाचे साल हिरवेगार आणि घट्ट लपेटलेले असावे, त्याच्या देठाचा काप कोरडा पडलेला नसावा आणि दाणे सालावरूनच चाचपून पाहावेत. प्रत्येक कणीस सोलून बघण्याची सवय विक्रेत्याला त्रासाची ठरते आणि सोललेले कणीस लवकर सुकते. गोड मका आणि मटार यांच्यातली साखर तोडणीनंतर झपाट्याने घटते व त्यातून पिष्ट तयार होत जाते, म्हणून या दोन गोष्टी तोडल्या दिवशीच्या मिळाव्यात यासाठी थोडी पायपीट करणे सार्थ आहे. कांदे-बटाट्यांसाठी तेवढी धावपळ नको.

फळे घेताना एक भेद लक्षात ठेवला की पुष्कळ फसगत टळते. टोमॅटो, केळी, आंबा, नासपती ही तोडल्यावरही पिकतात, त्यामुळे ती कमी-अधिक पिकलेली घेऊन आठवडाभर पुरवता येतात. स्ट्रॉबेरी, द्राक्षे आणि संत्री तोडल्यानंतर अधिक गोड होत नाहीत. ती आज आंबट लागली तर घरी ठेवून उपयोग नाही.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न मनाशी तयार असावेत आणि थोडकेच असावेत: हे कधी तोडले, हे तुमच्याच शेतातले का, पुढच्या आठवड्यात काय निघेल. ‘सेंद्रिय’ अशी पाटी असेल, तर प्रमाणपत्र आहे का हे सभ्यपणे विचारायला हरकत नाही. ते नसल्यास लगेच अविश्वास दाखवू नये. प्रमाणीकरणाला जमिनीच्या रूपांतराची, म्हणजे ती रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे वळवण्याची, साधारण २ ते ३ वर्षे लागतात आणि छोट्या शेतकऱ्याला तो खर्च दर वेळी झेपतोच असे नाही. अशा वेळी कीड कशी आवरता, खत कोणते घालता, हे विचारावे. स्वतः पिकवणारा माणूस या प्रश्नावर बोलता बोलता रंगतो, आणले-विकले एवढाच संबंध असणारा विषय बदलतो. हंगामात नसलेली फळे एखाद्या टेबलावर एकसारख्या आकारात, घाऊक खोक्यांतच मांडलेली दिसली, तर हे प्रश्न तिथे आधी विचारावेत. कच्चे दूध घेतल्यास ते उकळल्याशिवाय वापरू नये, आणि मध कितीही शुद्ध असला तरी १ वर्षाखालील बाळाला देऊ नये.

खरेदीचा क्रम जडाकडून नाजुकाकडे असावा आणि शीतपेटीतला माल सर्वांत शेवटी घ्यावा. परतीच्या वाटेवर दुसरे काम ठेवू नये.

घरी आल्यावरचा अर्धा तासही या तयारीतच धरावा. गाजर, मुळा आणि बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करावा, कारण तो कंदातले पाणी ओढून घेतो. पाला कोवळा असेल तर त्याचीच भाजी त्या रात्री करावी. पालेभाजी कोरडी करून पंच्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. टोमॅटो बाहेरच राहू द्यावेत. १२ अंशांच्या खाली त्यांचा स्वाद उणावतो. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात व त्याने पालेभाज्या पिवळ्या पडतात, तेव्हा सफरचंदे आणि पालक एका कप्प्यात नकोत. बटाटे अंधारात ठेवावेत, नाहीतर ते हिरवे पडतात, आणि कांद्यांपासून दूर ठेवावेत. अंडी धुतलेली आहेत की न धुतलेली, हे विक्रेत्यालाच विचारून आलेले असावे, कारण धुतल्यावर कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते आणि अशी अंडी फ्रिजबाहेर ठेवता येत नाहीत. स्ट्रॉबेरी खाण्याच्या वेळेपर्यंत धुऊ नयेत. डब्यात तळाला कोरडा कागद घालून एकच थर पसरावा आणि चेपलेली फळे आधी बाजूला काढावीत, कारण बुरशी तिथूनच सुरू होते.