देवाची प्रीती ही उचल नव्हे: स्वीकारताना होणाऱ्या चुका

मराठी बायबलात देवाच्या प्रेमासाठी 'प्रीती' हा शब्द आहे. आपण घरात तो वापरत नाही. आपण 'माया' म्हणतो, 'जीव लावला' म्हणतो. म्हणून 'प्रीती' म्हटलं की उपदेशातलं काहीतरी वाटतं. पण आपल्या बेळगावच्या बाजूला शेजारची कन्नड अक्का पोराला कुशीत घेते तेव्हा तिच्या तोंडी हाच शब्द असतो. कन्नड बायबलातही तोच आहे. देवाची प्रीती अशी चुलीजवळची आहे, आणि ती घेताना आपण चुकतो ते बहुतेक तिला लांबची समजून.

ती फेडायची आहे असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती भक्तिमान माणसंच जास्त करतात. चिकोडी-निपाणीकडे ऊसतोडीची उचल सगळ्यांना ठाऊक आहे. हंगामाआधी मुकादम पैसे देतो, मग हंगामभर अंग मोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी डोक्यावर आहेच. पुष्कळ विश्वासणारे तारणाकडे असंच बघतात. 'प्रभूनं माझ्यासाठी जीव दिला, आता मला ते फेडलं पाहिजे.' मग उपासना चुकली की धडधड, दशांश, म्हणजे मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा भाग, कमी पडला की झोप नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात येशूनं सांगितलेली गोष्ट आहे. बापाकडून वाटणी घेऊन ती उधळलेला धाकटा मुलगा डुकरांजवळ बसून बापाला काय सांगायचं ते पाठ करतो. त्यातलं शेवटचं वाक्य असतं, 'मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा.' 19 वं वचन बघा, मग 21 वं बघा. बापासमोर तो बोलायला लागतो, पण मजुराचं वाक्य येतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. मी हा भाग कितीतरी वर्षं वाचला आणि ते गाळलेलं वाक्य माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि थोरला भाऊ? तो घर सोडून कधी गेला नाही, तरी म्हणतो, 'इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय.' घरात राहूनही तो हजेरीवरचाच राहिला.

उपाय साधा आहे, पण मनाला जड जातो. आठवडाभर प्रार्थनेत देवाला कसलाही शब्द देऊ नका. 'हे करीन, ते सोडीन' नको. नुसते आभार माना. गप्प बसावं लागलं तरी चालेल. सेवा थांबवा असं मी म्हणत नाही, हप्ता म्हणून करू नका एवढंच. पौल रोमकरांस लिहितो तेव्हा वेतन हा शब्द पापाच्या बाजूला ठेवतो. देवाकडून येतं त्याला तो कृपादान म्हणतो.

बाप्तिस्मा झाला, म्हणजे मिळालं

पंडिता रमाबाईंचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या घाटातला. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनीच मोकळेपणानं सांगितलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता. त्याला आणखी काही वर्षं लागली. एवढी विद्वान बाई हे कबूल करते, तर आपण का लाजावं? मंडळीच्या नोंदवहीत नाव असूनही आत कोरडं वाटत असेल तर पाळकसाहेबांना तसं सांगा.

संकट आलं, म्हणजे प्रीती आटली

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा फुगल्या, घरं गेली. 'कुणाचं पाप भोवलं?' असं विचारणारे तेव्हाही भेटले. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले होते, तेव्हा येशूनं हाच हिशेब फेटाळला: ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. पडलेल्या घरासमोर उभ्या असलेल्या माणसाला असला प्रश्न विचारणं क्रूर आहे. भाकरी घेऊन जा.

मनात काही जाणवत नाही

स्तोत्र 88 उघडा. ते अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. एलीया संदेष्टा झुडुपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. म्हणून कित्येक आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. त्याला अविश्वास म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

चूक झाली की तोंड लपवणं

दारू पुन्हा हातात आली, घरात पुन्हा हात उठला, की माणूस रविवारी मागच्या बाकावर सरकतो, मग यायचाच बंद होतो. घरात हात उठला असेल तर घरातल्या माणसांची सुरक्षितता आधी बघा, माफी मागा, मदत घ्या. पण देवापासून लांब राहणं ही शिक्षा स्वतःला देऊ नका. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं प्रभूला नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीजवळ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. आपल्याकडे दारात आलेल्याला 'जेवलास काय?' म्हणतात, तसंच. 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' हे त्यानं पेत्राला विचारलं, पण सगळ्यांचं खाऊन झाल्यावर.