तिथे भरती येत नाही: लेक मिशिगनच्या नदीबंदरांत मुंबईकरांनी टाळायच्या चुका

गेटवेसमोर शिडाची बोट चालवायला शिकलेली आपल्याकडची बरीच मुलं आता शिकागो आणि मिशिगनकडे नोकरीला आहेत. उन्हाळा आला की चौघं मिळून बोट भाड्याने घेतात. तळंच तर आहे, गोडं पाणी, आपण अरबी समुद्र पाहिलेली माणसं, असं मनात असतं. ते तळं, म्हणजे लेक मिशिगन, सुमारे 494 किलोमीटर लांब आणि 190 किलोमीटर रुंद आहे. मधोमध गेलात तर किनारा दिसत नाही. वारा उठला की पूर्व किनाऱ्यावर आसरा मिळतो तो बहुतेक नदीच्या मुखातच: ग्रँड नदीवर ग्रँड हेवन, ब्लॅक नदीवर साउथ हेवन, कलामझूवर सॉगाटक. दोन लांब धक्के तळ्यात घुसलेले, मधून अरुंद वाट. चुका होतात त्या या वाटेच्या तोंडाशी, आणि पट्टीच्या माणसांकडूनही होतात, कारण हाताला वळण मुंबईचं असतं.

लाल कुठल्या हाताला?

आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या. अमेरिकेत बरोबर उलटं आहे. जगात बोयांच्या रंगांच्या दोन पद्धती आहेत. भारत पहिल्या गटात, अमेरिका दुसऱ्या. हे पाठ असून उपयोग नसतो, कारण थकलेला हात डोक्याला विचारत नाही. ग्रँड हेवनला मी सुकाणूवर होतो. सूर्य पाठीमागे, समोर दक्षिण धक्क्यावरचे लालभडक दिवे. माझ्याही नकळत मी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे वळवत होतो, लाल डावीकडे यावा म्हणून. भाचा ओरडला, "मामा, लाल उजव्या हाताला!" मी मान वर करून पाहिलं तर त्या धक्क्याच्या पलीकडे पोहण्याचा किनारा होता. लोक कमरेइतक्या पाण्यात उभे होते. आणखी काही मिनिटांत आम्ही त्यांच्यात शिरलो असतो.

तेव्हापासून तिथे बोट सोडण्याआधी मी सुकाणूशेजारी उजव्या बाजूला लाल चिकटपट्टी लावतो. कुणाला पोरकट वाटेल, पण लावाच.

नकाशावरचा आकडा

आपले नकाशे मीटरमध्ये असतात. तिथल्या बहुतेक नकाशांवर खोली फुटांत असते. "6" वाचून निर्धास्त झालात तर बोटीखाली दोन मीटरही पाणी नसतं. नकाशाच्या कोपऱ्यात एकक लिहिलेलं असतं. आधी ते वाचा, मग आकडे.

तो आकडा कशापासून मोजलाय हेही पाहा. मिशिगन आणि त्याला जोडलेलं ह्यूरन या दोन्ही तळ्यांसाठी पायाची पातळी, म्हणजे जिथून खोली मोजतात ती, समुद्रसपाटीपासून 176.0 मीटरवर धरली आहे. खरं पाणी वर्षावर्षाला वरखाली होतं. ऑक्टोबर 1986 मधला उच्चांक आणि जानेवारी 2013 मधला नीचांक यांत जवळजवळ दोन मीटरचा फरक आहे, आणि त्या नीचांकाला पाणी पायाच्याही सुमारे 45 सेंटिमीटर खाली होतं. म्हणजे नकाशात दाखवल्यापेक्षा कमी. निघण्याआधी त्या आठवड्याची पातळी बघून बेरीज-वजाबाकी करा. शिवाय किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर वाळू सरकते आणि मुखाशी वाळूचा पट्टा साठतो. हिवाळी वादळांनंतर तो मागच्या वर्षीच्या जागी असेलच असं नाही. तिथल्या मरिनावाल्याला फोन करून विचारा.

रुतलात तर

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. वर्सोव्याच्या खाडीत गाळात बोट बसली तर तांडेल काय म्हणतो? "पाणी चढू दे, मग बघू." आणि ते बरोबरच असतं. पुढची भरती बोट उचलते. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटरांनी वरखाली होतं, त्यामुळे थांबणं हाच आपला पहिला उपाय झालेला असतो.

तिथे थांबू नका. त्या तळ्यात भरती-ओहोटी इतकी थोडी की ती तुमची बोट उचलणार नाही. उलट प्रत्येक लाट बोट जरा उचलते आणि आणखी उथळात नेऊन आपटते. तळ लागल्याचं जाणवलं की लगेच इंजिन न्यूट्रल करा. शीड असेल तर उतरवा. बोटीच्या तळाची फळी उचलून आत पाणी येतंय का पाहा. मग ज्या वाटेने आलात त्याच वाटेने हलकेच मागे निघायचा प्रयत्न करा, सगळ्यांना एका बाजूला बसवून बोट कलती करून. नाही हलली तर छोट्या होडीतून नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाका आणि दोर ताणून धरा, म्हणजे निदान आणखी आत तरी जाणार नाही. तेवढ्यात रेडिओच्या 16 नंबर चॅनेलवर कळवा. सुटल्यावर इंजिनच्या तापमानावर नजर ठेवा. काटा चढायला लागला तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या गाळणीत वाळू भरलेली असते. ती काढून धुवा.

पाणी अचानक उतरतं किंवा चढतं तेही भरतीने नाही. जोराचा वारा किंवा हवेचा दाब पाणी एका काठाला लोटतो आणि ते परत हेलकावतं. 26 जून 1954 रोजी शिकागोच्या काठावर अशीच लाट आली. मासे धरत बसलेली माणसं वाहून गेली, 8 जणांचा जीव गेला. म्हणून वादळ पुढे सरकलं म्हणजे सुटलो असं समजून लगेच धक्क्याच्या टोकावर जाऊ नका.

मुखातल्या लाटा

तळ्यातल्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. नदीचा प्रवाह बाहेर येतो, पश्चिमेचा वारा लाटा आत लोटतो, दोन्ही धक्क्यांवर आपटून त्या परत फिरतात. मधलं पाणी उकळत्या पातेल्यासारखं होतं. बाहेरच थांबून दुर्बिणीने पाच मिनिटं पाहा. धक्क्यांच्या मधोमध पांढरा फेस फुटत असेल तर शिरू नका. ग्रँड हेवनच्या उत्तरेला मस्कीगन आणि दक्षिणेला हॉलंड आहे. दोन्हीकडे बाहेरून बाणाच्या टोकासारखे लाटरोधक बांध आहेत, आत पाणी पुष्कळ शांत मिळतं. काही तास जास्त लागले तरी तिकडे जा.

शिरायचंच ठरलं तर वाटेच्या मध्यावर राहा, वेग सोडू नका, लाटेच्या पाठीवर राहा. नांगर सुटा करून हाताशी ठेवा. तोंडाशीच इंजिन बंद पडण्याचं एक कारण म्हणजे टाकीतला साचलेला गाळ. बोट हेलकावली की तो उठतो आणि फिल्टर तुंबतो. भाड्याच्या बोटीवर जादा फिल्टर आहे का, हे किल्ली घेतानाच विचारा.

आत आल्यावर आणखी एक वेगळेपण. त्या अरुंद वाटेत प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या यांत्रिक बोटीला वाटेचा हक्क असतो, कारण तिला थांबता येत नाही. तुम्ही वर चाललेले, म्हणजे थांबणारे तुम्ही. ग्रँड हेवनला मालवाहू जहाजं येतात, हे लक्षात असू द्या. साउथ हेवनचा उचलायचा पूल उघडायला हवा असेल तर भोंगा एक लांब, एक आखूड.

आणि लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको. मुंबईचं पाणी कोमट असतं, माणूस पडला तर बराच वेळ हातपाय मारतो. तिथे भर उन्हाळ्यातही उत्तरेचा वारा एक-दोन दिवस वाहिला की पूर्व काठाचं उबदार पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गारठलेलं पाणी वर येतं. कालपर्यंत पोहण्याजोगं असलेलं पाणी सकाळी श्वास अडकेल इतकं थंड असतं. बोट सोडण्याआधी धक्क्यावरून वाकून हात घालून बघा.