झिंग्याच्या तळ्यातला गाळ: कसा ओळखावा, कसा वाळवावा

गोड्या पाण्यातला झिंगा पोहतो कमी, तळावर चालतो जास्त. खातो तिथंच, कात टाकतो तिथंच. वरच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम आणि तळाशी २ असेल, तर झिंग्याच्या वाट्याला २ च आला. उरलेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ कुजवताना जिवाणू तळालगतचा ऑक्सिजन खाऊन टाकतात. तो संपला की गाळातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो.

गाळ बघा. इंचभर जाडीची पारदर्शक नळी गाळात वीतभर खुपसा, वरचं तोंड अंगठ्यानं दाबा आणि उपसून उजेडात धरा. वर काही मिलिमीटर तपकिरी आणि खाली काळा थर दिसला तर घाबरू नका. खालचा विषारी वायू तपकिरी थरातून जाताना बराचसा निकामी होतो. काळा थर थेट पाण्याला भिडला असेल, तर त्याच दिवशी खाद्य कमी करा. नमुना खाद्याच्या जागेवरून घ्या आणि एरेटरच्या (पाण्यात हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) प्रवाहानं गाळ जिथं गोळा होतो, तिथूनही घ्या.

ऑक्सिजन पहाटे मोजा. मीटरचं टोक तळापासून वीतभर वर ठेवा. ४ च्या वर ठीक. ३ च्या खाली गेलं तर सकाळचं खाद्य बंद, एरेटर सुरू. शेतीची वीज पाळीनं येते आणि धोका पहाटेचाच, म्हणून डिझेलची सोय आधीच करून ठेवा. झिंगे पहाटे काठाला गोळा होत असतील तर उशीर झालेलाच आहे.

काढणीनंतर तळ वाळवा. पाणी २० अंशांखाली गेलं की गोड्या पाण्यातल्या मोठ्या जातीच्या झिंग्याची (स्कॅम्पीची) वाढ खुंटते, म्हणून खान्देशात काढणी कडाक्याच्या थंडीआधीच उरकावी. मग पाणी पूर्ण सोडा, मधला जाड काळा गाळ उचलून बाहेर काढा. गोड्या पाण्याचा असल्यानं तो वाळवून केळीला चालतो. उरलेला तळ दोन-तीन आठवडे वाळू द्या. बोटभर भेगा पडल्या, पण आत ओल आहे, अशा वेळी १०-१५ सेंटीमीटर नांगरा. इथंच बहुतेकांचं चुकतं: तळं जूनपर्यंत तसंच सोडतात. मे महिन्याच्या उन्हात माती कोरडीठाक झाली की कुजवणारे जिवाणूही थांबतात आणि काळा गाळ आत तसाच राहतो.

चुना मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) बघूनच. आठ-दहा जागांची वरची ५ सेंटीमीटर माती एकत्र करून तपासा. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू बहुधा ८ च्या आसपास असतो; तिथं चुना म्हणजे पैसे पाण्यात. ६ ते ७ असेल तर गुंठ्याला साधारण १० किलो शेतीचा चुना (चुनखडीची भुकटी) पुरे.

पाणी भरण्याआधी नांगरलेली माती दाबून घ्या. भुसभुशीत राहिली तर एरेटरचा प्रवाह ती उकरतो आणि आठवडाभरात मधोमध नवा ढीग तयार होतो.