कपड्यावरचा स्टिकरचा गोंद काढताना या चुका टाळा

नव्या शर्टाच्या छातीवर साइज छापलेला लांबट पारदर्शक स्टिकर असतो. तो काढायचा राहतो, शर्ट तसाच धुतला जातो, आणि स्टिकर निघून गेला तरी त्याची उभी चिकट पट्टी कापडावर राहते. मग तिच्यावर धूळ बसते, टॉवेलचे तंतू बसतात, पट्टी करडी दिसायला लागते. एवढं झालं तरी शर्ट वाया गेलेला नसतो. तो वाया जातो पुढच्या अर्ध्या तासात, जेव्हा घरातलं कुणीतरी ‘थांब, मी काढून देतो’ म्हणत हाताला लागेल ती बाटली उचलतं.

मी शिवणकाम करते, त्यामुळे असे कपडे माझ्याकडे येतच असतात. गोंदाने बिघडलेला कपडा क्वचित येतो. येतात ते गोंद काढताना बिघडवलेले.

आधी पाणी, मग इस्त्री

ही चूक जवळपास सगळे करतात, आणि चूक आहे हे कुणाला पटत नाही. डाग पडला की धुवायचं, यात चुकीचं काय?

स्टिकरचा किंवा सेलोटेपचा गोंद वाळण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो कायम चिकट राहावा आणि नुसत्या दाबाने धरावा, अशीच त्याची घडण असते. रबर किंवा अ‍ॅक्रिलिक हा त्याचा मूळ माल. पाण्यात तो विरघळत नाही, त्यामुळे धुण्याची पावडर दुप्पट टाकली तरी फरक पडत नाही. गरम पाण्याने तो मऊ होतो हे खरं, पण मऊ झालेला गोंद पाण्यात जात नाही, धाग्यांत शिरतो. मशीनमध्ये फिरताना थोडा शेजारच्या कपड्यांनाही लागतो. एका टी-शर्टावरचा स्टिकर आणि सहा कपड्यांवर करडे ठिपके, हा प्रकार असाच घडतो.

इथपर्यंतही कपडा हातचा गेलेला नाही. हातचा जातो तो ड्रायरमध्ये किंवा इस्त्रीखाली. वरवर बसलेला थर उष्णतेने पातळ होऊन विणीच्या आत उतरतो, आणि तिथे बसला की वरून कितीही पुसा, हाताला काही लागत नाही. शिवाय इस्त्रीच्या तळाला लागलेला गोंद करपतो आणि पुढच्या पांढऱ्या कपड्यावर तपकिरी रेघ मारतो. तेव्हा गोंद दिसतोय तोवर इस्त्री नाही. ‘पाच मिनिटांत बाहेर जायचंय’ हे कारण मला सांगू नका, दुसरा शर्ट घाला.

आता गंमत अशी की इस्त्रीने गोंद निघतो, असंही लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते ग्लू गनच्या गोंदाबद्दल आहे. तो थंड झाला की कडक होतो आणि तापला की वितळतो. कापडाच्या खाली-वर जाड साधा कागद ठेवून, इस्त्री मंद ठेवून दाबलं की तो कागदात उतरतो, कागद बदलत राहायचं. ही युक्ती स्टिकरच्या गोंदावर केली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. आणि शाळेच्या प्रकल्पात वापरतात तो पांढरा गोंद याच्या अगदी उलट: त्याला कोमट साबणाचं पाणी हाच पहिला उपाय, तासभर भिजवून ठेवलं की तो फुगून पांढरा होतो आणि नखाने सुटतो. म्हणजे बाटली उचलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, हा गोंद कुठला? हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

नेलपेंट रिमूव्हर

या बाटलीवर माझा खास राग आहे.

ओळखीतल्या एका बाईंचा लोकरीचा कोट. किमतीचा स्टिकर आतल्या बाजूला, अस्तरावर. स्टिकर निघाला, गोंद राहिला. आत, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे! तरी त्यांना तो खुपला. बाई व्यवस्थित, म्हणून त्यांनी आधी कोपऱ्यात लावून पाहिलं. कोटाच्या खालच्या दुमडीवर, आतून, रिमूव्हरचा थेंब. काही झालं नाही. रंग गेला नाही, कापड आखडलं नाही. मग त्यांनी कापसाचा बोळा चिंब भिजवला, अस्तरावर ठेवला आणि ‘जरा मुरू दे’ म्हणून फोनवर बोलायला गेल्या.

परत येऊन बोळा उचलला तर त्याच्यासोबत अस्तरही आलं. भोकाच्या कडेचं कापड प्लास्टिक जळल्यासारखं कडक, चकचकीत आणि आखडलेलं. कोट घेऊन आल्या तेव्हा पहिलं वाक्य, ‘‘ताई, मी टेस्ट करून बघितलं होतं हो!’’ बघितलं होतंच. पण लोकरीवर. कोटाच्या लेबलच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात 100 टक्के लोकर लिहिलेलं होतं, आणि खालच्या ओळीत बारीक अक्षरात: अस्तर, अ‍ॅसिटेट. ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. ठिगळ लावण्यात अर्थ नव्हता, कारण पाठीच्या मधोमध ते टोचत राहिलं असतं. सगळं अस्तर उसवून नवं बसवावं लागलं, आणि कोटाचं अस्तर बदलणं म्हणजे अर्धा कोट पुन्हा शिवणं.

रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं, आणि अ‍ॅसिटेटचा धागा अ‍ॅसिटोनमध्ये अक्षरशः विरघळतो. डाग पडत नाही, रंग उडत नाही, कापडच जातं. ट्रायअ‍ॅसिटेट आणि मोडअ‍ॅक्रिलिक या कृत्रिम धाग्यांनाही ते चालत नाही. चकचकीत अस्तरं, सॅटिनसारखे दिसणारे कपडे, काही गाऊन यांत अ‍ॅसिटेट आणि ट्रायअ‍ॅसिटेटचे धागे सर्रास सापडतात, आणि नुसतं बघून ते पॉलिएस्टरपासून ओळखता येत नाहीत. पट्टी वाचायची, सगळ्या ओळी वाचायच्या. व्हिस्कोस मात्र वेगळं. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, पण ओलं झालं की कमजोर होतं, म्हणून त्याला घासायचं नाही.

‘माझ्या बाटलीवर अ‍ॅसिटोनविरहित लिहिलंय’ असंही ऐकते. त्यात बऱ्याचदा इथाइल अ‍ॅसिटेट असतं, तेही अ‍ॅसिटेटच्या कापडाला सोडत नाही. शिवाय रिमूव्हरमध्ये रंग, सुगंध, तेल घातलेलं असतं, त्याचा डाग वेगळाच. टी-शर्टावरची रबरासारखी छपाई, प्लास्टिकची बटणं, टिकल्या हे सगळंही त्याने बिघडतं.

आगीचं तर कुणी बोलतच नाही. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखाली सुमारे 20 अंशांतही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघरात गॅस चालू ठेवून हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. वापरायचंच तर पांढऱ्या, छपाई नसलेल्या सुती किंवा पॉलिएस्टर कपड्यावर, खिडकी उघडून, शेवटचा उपाय म्हणून. आणि कपडा पूर्ण सुकल्याशिवाय मशीनमध्ये टाकायचा नाही.

तेल लावलं, गोंद गेला, तेल राहिलं

तेल हा माझा पहिला उपाय. खोबरेल, बेबी ऑइल, कुठलंही चालतं. रबराचा गोंद तेलात फुगतो आणि कापडावरची पकड सोडतो. लोकांची चूक इतकीच, की दोन मिनिटांत खरवडायला घेतात, आणि मग तेलाचा डाग तसाच ठेवून थेट पाण्यात बुडवतात.

माझी पद्धत अशी. जितका गोंद कोरडा निघेल तितका आधी काढते. नवा स्टिकर असेल तर तोच उलटा करून गोंदावर टेकवायचा आणि झटक्यात उचलायचा, गोंदाला गोंद बराच उचलतो. मग डागाखाली पांढरा सुती फडका, वर तेलाचे मोजके थेंब. कपडा बाजूला, मी दुसऱ्या कामाला. निदान अर्धा तास, गोंद जुना असेल तर जास्त. नंतर स्टीलच्या चमच्याच्या कडेने बाहेरून आत ओढत गोळा करते. आतून बाहेर ओढलं तर डाग पसरतो, हे सांगूनही लोक ऐकत नाहीत.

आता महत्त्वाचं: भांडी घासायचं लिक्विड तेलावर कोरडंच लावायचं. पाणी अजिबात नाही. आधी पाणी घातलं की लिक्विड पातळ होतं आणि तेल धाग्यांतच राहतं. बोटांनी चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग कपड्याला चालेल तितक्या गरम पाण्याने खळबळायचं, मग नेहमीसारखं धुवायचं. तेलकट कपडा ड्रायरमध्ये टाकू नका. डाग पक्का बसतोच, पण खाद्यतेल मुरलेले सुती कपडे ड्रायरमधून काढून गरम गरम रचून ठेवले तर आतल्या आत तापून पेटूही शकतात.

तेलाने गोंद जागचा हललाच नाही, तर तो बहुतेक अ‍ॅक्रिलिकचा. तिथे सर्जिकल स्पिरिट. कापूस भिजवून टिपायचं, घासायचं नाही. आधी आतल्या शिवणीवर लावून पांढऱ्या फडक्याने दाबायचं, फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबायचं. आणि कपड्यात जितकी कापडं आहेत तितक्या ठिकाणी लावून बघायचं. कोटाचं वर सांगितलंच.

बाकीचे उद्योग

सॅनिटायझर: स्पिरिटच आहे, पण जेल आणि ग्लिसरीनसकट, म्हणजे एक चिकट काढून दुसरं लावणं.

बर्फ: च्युइंग गम किंवा ग्लू गनचा जाड गोळा असेल तर उत्तम, कडक होऊन तुटतो. स्टिकरच्या पातळ थरावर नुसता वेळ जातो.

व्हिनेगर: पांढऱ्या गोंदाला मऊ करतं. रबराच्या गोंदाला त्याचं काही वाटत नाही.

खाण्याचा सोडा आणि तेल एकत्र करून लावतात. काम तेल करतं, श्रेय सोडा घेतो आणि कापडाला खरखरीत करून जातो. रेशीम-लोकरीवर तर सोडा नकोच.

ब्लेड, नख, तारेची घासणी: गोंद जाईल, त्याजागी भोक किंवा गोळे येतील.

पेट्रोल, रॉकेल: नाही. वासही जात नाही आणि मशीनमध्ये त्याची वाफ ठिणगीची वाट बघत बसते.

ब्लीच: गोंदावर त्याचा काडीचा परिणाम नाही, रंग मात्र जातो. आणि आधी व्हिनेगर लावून बघितलं, मग स्पिरिट, मग ‘आता ब्लीच टाकते’ असं करणाऱ्यांनी थांबावं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोनसोबतही विषारी द्रव्यं तयार होतात. एक उपाय फसला तर कपडा धुऊन पूर्ण स्वच्छ करायचा, त्यानंतर दुसरा.

सुपरग्लू हे वेगळंच प्रकरण

सुपरग्लू सांडला की हात आपोआप कापसाकडे किंवा टिश्यूकडे जातो. जाऊ देऊ नका. ओला सुपरग्लू सुती धाग्याला भेटला की झपाट्याने कडक होतो आणि त्या प्रक्रियेत एवढी उष्णता निघते, की कातडी भाजते, कधी धूरही येतो. अंगावरच्या कपड्यावर सांडला तर कापड ताबडतोब अंगापासून दूर धरा, जमलं तर काढूनच टाका. मग हात न लावता पूर्ण वाळू द्या. वाळला की कापड दोन्ही हातांत धरून हलकं वाकवा, बराचसा पापुद्रा तडकून पडतो. उरलेल्याला अ‍ॅसिटोन लागतं, तेही पट्टी वाचून. नाजूक कपड्यावर असेल तर घरी खटाटोप करू नका, ड्राय क्लीनरकडे द्या. देताना डाग कशाचा आहे हे सांगा, आणि तुम्ही काय काय लावून बघितलं तेही न लाजता सांगा. त्यांना ते कळलं नाही तर तुमच्या प्रयोगांवर त्यांचा प्रयोग सुरू होतो.

धुऊन झाल्यावर लगेच ‘गेला, गेला’ करू नका. ओल्या कापडावर उरलेला गोंद ना दिसतो ना बोटाला लागतो. सावलीत दोरीवर पूर्ण वाळवा, मग डागाच्या जागेवरून कोरडं बोट फिरवा. बोट अडखळलं तर पुन्हा तेलापासून सुरू. नाही अडखळलं तर आता इस्त्री काढा.