नर्सिंगच्या पदवीत नेमकं काय शिकवतात

नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन असतं. पण इंजेक्शनला हात बसायला काही आठवडे पुरतात. उरलेली तीन-चार वर्षं जातात ती पेशंटकडे बघायला, मोजायला, मोजलेलं लिहायला आणि ते वेळेत योग्य माणसाच्या कानावर घालायला शिकण्यात. हे आधी माहीत असलं तर पहिल्या सहामाहीत ‘हे काय बेडमेकिंग करत बसलोय’ असं वाटत नाही.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, पोषण, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन; सूक्ष्मजीवशास्त्र आता दुसऱ्या वर्षी येतं. शरीररचनेत मुलं अडकतात, कारण नावं पाठ करतात आणि ती नावं पुढे कुठे लागणार हे बघत नाहीत. सायटिक नर्व्ह, म्हणजे नितंबातून पायात उतरणारा मोठा मज्जातंतू, कुठून जाते हे चित्रात नीट पाहिलं, की इंजेक्शनसाठी नितंबाच्या मागच्या भागाऐवजी बाजूचा, म्हणजे व्हेंट्रोग्लुटिअल भाग का निवडायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राचा हिशोब हात धुण्यात चुकता होतो: साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद, हँडरबने 20 ते 30. राहून जातात ते अंगठे आणि बोटांची टोकं, आणि पेशंटला आधी लागतात तीही टोकंच.

स्किल लॅबमध्ये बीपी घेणं सोपं वाटतं. चुका होतात त्या कफमध्ये, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यात. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण 40 टक्के आणि लांबी निदान 80 टक्के हवी. जाड दंडाला छोटा कफ गुंडाळला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं, हात हृदयाच्या पातळीच्या खाली लोंबत असला तरीही तेच. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा. नाडी लागेनाशी झाली की त्या आकड्याच्या आणखी 30 वर जायचं, मग सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने हवा सोडत ऐकायचं. ही नाडीची पायरी गाळण्याची सवय फार लवकर लागते. काही जणांत आवाज मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. पुरेसं फुगवलं नसेल तर तो खालचाच आवाज पहिला समजून वरचा आकडा कमी लिहिला जातो.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे श्वास. आपला श्वास कुणीतरी मोजतंय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नजर फक्त छातीकडे न्यायची आणि पूर्ण 60 सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला 12 ते 20. तब्येत बिघडताना बऱ्याचदा हा आकडा सगळ्यांत आधी हलतो, कारण बीपी शरीर बराच वेळ सावरून धरतं. चार्टवर ओळीने 18, 18, 18 दिसलं की अनुभवी शिक्षकाला कळतं, कुणी मोजलेलंच नाही.

मग येतं औषधशास्त्र आणि त्यातलं गणित. गणित शाळेतलंच, पण इथे नापास होणारे कमी नसतात. 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचं आहे, ड्रिप सेट 20 थेंबांना 1 मिली असा आहे. 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं: साधारण 42 थेंब मिनिटाला. तासांची मिनिटं करायला विसरणं ही एक चूक. सेटच्या पाकिटावरचा आकडा न वाचणं ही दुसरी, कारण 10, 15, 20 आणि मायक्रोड्रिपमध्ये 60 असे वेगवेगळे सेट असतात. पेशंटने कोपर दुमडलं की थेंब मंदावतात. अर्ध्या तासाने लक्षात येतं आणि मागे पडलेलं भरून काढायला क्लॅम्प मोकळा सोडायचा मोह होतो. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा कमजोर हृदयाच्या पेशंटच्या फुप्फुसात यामुळे पाणी साचू शकतं. उरलेलं सलाइन आणि उरलेला वेळ बघून वरिष्ठांना विचारायचं, मग गती ठरवायची.

डोस लिहिताना अर्धा मिलिग्रॅम 0.5 असाच लिहायचा, नुसतं .5 नाही, आणि 5 ला 5.0 करायचं नाही. टिंब पुसट झालं की डोस दहापट होतो. दुसऱ्याने भरलेली सिरिंज आपण द्यायची नाही. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून थेट ढकलायचं नाही, हृदय थांबू शकतं. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही. सुई बोटात घुसते ती बऱ्याचदा तेव्हाच.

दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात तास वाढतात. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालताना लघवी दिसली रे दिसली की विद्यार्थ्याचा हात बलूनच्या, म्हणजे नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्याच्या, सिरिंजकडे जातो. थांबायचं. पुरुष पेशंटमध्ये कॅथेटर जवळजवळ त्याच्या बाहेरच्या टोकाला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत आत जाऊ द्यायचं, मगच बलून फुगवायचा, तोही निर्जंतुक पाण्याने. मूत्रनलिकेतच फुगवला तर ती फाटते आणि रक्त येतं. पेशंट दुखतंय म्हणाला किंवा सिरिंज दाबताना जोर लागला, तर तिथेच थांबायचं. पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगायची, जमिनीला टेकू द्यायची नाही.

बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सार्वजनिक आरोग्य, थोडं संशोधन आणि संख्याशास्त्र हे पुढच्या वर्षांत येतं. मानसोपचाराच्या पोस्टिंगला सगळे घाबरतात आणि बोलायला कसं बसायचं, गप्प कधी राहायचं हे तिथेच शिकतात.

केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची अडचण, उद्दिष्ट आणि काळजी यांचा आराखडा, लिहिण्याचा मात्र सगळ्यांनाच कंटाळा. तरी खरी परीक्षा त्यातच आहे. न्यूमोनिया हे डॉक्टरांचं निदान. कफ सुटत नाही म्हणून श्वासमार्ग मोकळा राहत नाही, हे नर्सिंगचं. ‘पेशंटला बरं वाटेल’ हे उद्दिष्ट व्हायवात टिकत नाही, कारण ते मोजता येत नाही. ‘पेशंट दर दोन तासांनी खोल श्वास घेऊन खोकेल आणि उद्या सकाळपर्यंत श्वास 20 च्या आत असेल’ हे टिकतं.

शेवटच्या वर्षी फोनवर बोलायचा सराव करून घेतात, एसबार पद्धतीने: परिस्थिती, पार्श्वभूमी, आपलं मूल्यमापन, मागणी. ‘डॉक्टर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये’ म्हणाल तर उत्तर येईल, बघू थोड्या वेळाने. त्याऐवजी: ‘सात नंबर बेड, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, वजन 60 किलो. चार तासांत श्वास 18 वरून 26 वर गेलाय, बीपी 130/80 वरून 110/70. गेले दोन तास लघवी तासाला 20 मिली, निदान 30 हवी होती. आत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असेल अशी शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?’